केरो, इलिनॉय: इतिहास आणि लोकसंख्या, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे केरो नेमकं कुठे आहे?

इलिनॉय राज्याच्या एकदम खालच्या टोकाला. पश्चिमेकडून मिसिसिपी येते, पूर्वेकडून ओहायो येते, आणि दोघींचा संगम होतो त्याच्या जरा वर, मधल्या चिंचोळ्या जमिनीवर हे शहर बसलंय. एका बाजूचा पूल ओलांडला की मिझुरी, दुसऱ्या बाजूचा ओलांडला की केंटकी. शिकागोहून साधारण ६०० किलोमीटर, सेंट लुईसहून अडीचशेच्या आत.

इलिनॉय म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे शिकागो येतं, उत्तरेतलं राज्य वगैरे, पण केरो हे व्हर्जिनियातल्या रिचमंडच्याही दक्षिणेला आहे आणि रिचमंड म्हणजे सिव्हिल वॉरमधली, म्हणजे गुलामगिरीवरून उत्तरेची आणि दक्षिणेची राज्यं आपसात लढली त्या युद्धातली, दक्षिणेची राजधानी. कागदावर उत्तरेत आणि स्वभावाने बरंचसं दक्षिणेत, ही गोष्ट लक्षात ठेवलीत तर पुढचं सगळं समजायला सोपं जाईल.

नाव इजिप्तच्या कैरोवरून आलं का? मग कैरो का नाही म्हणत?

हो, तिथूनच आलं. मोठी नदी, पुराने येणारी गाळाची जमीन, म्हणून नाईलची आठवण. इलिनॉयच्या या दक्षिण भागाला आजही लिटल इजिप्त म्हणतात, जवळपास थीब्ज आणि कर्नाक नावाची गावंसुद्धा आहेत. पण तिथले लोक केरोच म्हणतात, त्यामुळे इथेही केरो.

आज लोकसंख्या किती आहे?

२०२० च्या सेन्ससमध्ये १,७३३. आपल्याकडे बऱ्याच गावांची ग्रामपंचायत याहून मोठी असते. आणि हेच शहर १९२० ला १५,२०३ लोकांचं होतं, म्हणजे शंभर वर्षांत दर नऊ माणसांमागे जेमतेम एक उरला.

सगळे आकडे एका जागी हवेत असं बरेच जण विचारतात म्हणून देतो. १८६० ला २,१८८, १८७० ला ६,२६७, १८८० ला ९,०११, १८९० ला १०,३२४, १९०० ला १२,५६६, १९१० ला १४,५४८, मग १९२० चं शिखर १५,२०३. तिथून १९३० ला १३,५३२, १९४० ला पुन्हा थोडं वर १४,४०७, १९५० ला १२,१२३, १९६० ला ९,३४८, १९७० ला ६,२७७, १९८० ला ५,९३१, १९९० ला ४,८४६, २००० ला ३,६३२, २०१० ला २,८३१ आणि मग वर सांगितलेले १,७३३.

यात दोन जागा नीट बघा. १९६० ते १९७० या दहा वर्षांत तीनातला एक माणूस शहर सोडून गेला. आणि २०१० ते २०२० मध्ये जवळपास ३९ टक्के लोक गेले, हे तर त्याहून भयंकर. दोन्ही वेळा कारणं माणसांनी तयार केलेली होती, नदीने नाही. खाली दोन्हींबद्दल सविस्तर लिहिलंय, कारण केरोबद्दल इंटरनेटवर जे काही फिरतं त्यात नेमका हाच भाग लोक दोन ओळीत उरकतात.

आजूबाजूच्या काउंटीचं काय?

केरो हे अलेक्झांडर काउंटीचं मुख्यालय, काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखं. २०१० ला काउंटीत ८,२३८ लोक होते, २०२० ला ५,२४०. टक्केवारीने बघितलं तर त्या दशकात अख्ख्या अमेरिकेत सगळ्यात जास्त लोक गमावलेली काउंटी हीच. टॅम्स गावातला राज्याचा मोठा तुरुंग २०१३ च्या सुरुवातीला बंद झाला, त्या नोकऱ्याही गेल्या. त्या तुरुंगात कैद्यांना वर्षानुवर्षं एकांतात ठेवायचे, तो बंद झाला ते माणुसकीच्या दृष्टीने बरंच झालं, पण काउंटीला त्या बदल्यात दुसरं काही मिळालं नाही.

अशा पुराच्या जागी शहर वसवलं कोणी?

जागा बघून भुरळ पडावी अशीच आहे हो. १७०२ मध्ये फ्रेंचांनी या भागात कातडी कमवायचा कारखाना आणि छोटा किल्ला टाकला होता, तो काही टिकला नाही. १८०३ च्या नोव्हेंबरमध्ये लुईस आणि क्लार्क पश्चिमेच्या मोहिमेवर जाताना संगमावर काही दिवस थांबले आणि नद्यांची मोजमापं घेतली. मग १८१८ ला जॉन कॉमेगिस नावाच्या व्यापाऱ्याने शहर आणि बँक अशी दोन्हीची सनद एकदम मिळवली, पण तो दोनेक वर्षांत वारला आणि योजना तिथेच थांबली.

दुसरा प्रयत्न १८३७ चा, डॅरियस होलब्रुकचा. याने कंपनी काढली, बांध घातले, कारखाने उभे केले, लंडनमध्ये बाँड विकून पैसा आणला. १८४० ला लंडनची ती पेढीच बुडाली आणि केरोत हजारावर गेलेली वस्ती बघता बघता पांगली. नेमकं १८४२ ला चार्ल्स डिकन्स बोटीने इथून गेला, त्याला दिसलं ते चिखल, ताप आणि अर्धवट पडलेली घरं, आणि त्याने इतकं वाईट लिहिलं की केरोची ती बदनामी पुढे कितीतरी वर्षं पुसली गेली नाही. तो बुडीत काळातलं शहर बघून गेला होता, दहा-पंधरा वर्षांनी आला असता तर वेगळं लिहिलं असतं असं मला तरी वाटतं.

कारण खरी सुरुवात रेल्वेने झाली. इलिनॉय सेंट्रल रेल्वेला सरकारने जमिनी दिल्या आणि १८५६ पर्यंत तिचं काम पूर्ण झालं, तिचं दक्षिणेचं टोक केरो. उत्तरेचा माल रेल्वेने यायचा, इथे बोटीत चढायचा आणि थेट न्यू ऑर्लीन्सला जायचा. १८५८ ला केरो अधिकृतपणे शहर झालं.

सिव्हिल वॉरमध्ये केरोचं काय काम होतं?

खूप मोठं. दोन्ही नद्यांवर नजर ठेवता येईल अशी ही एकच जागा उत्तरेच्या हातात होती, म्हणून युद्ध सुरू झाल्या झाल्या इथे फौज आणून बसवली आणि टोकावर डिफायन्स नावाची छावणी उभी केली. सप्टेंबर १८६१ मध्ये युलिसिस ग्रँट, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला तोच, इथे कमांडर म्हणून आला तेव्हा देशात त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं. आल्यावर दोनच दिवसांत त्याने ओहायोवरचं पडूका घेतलं, लढाई न करता, आणि फेब्रुवारी १८६२ मध्ये इथूनच निघून फोर्ट हेन्री आणि फोर्ट डोनेल्सन घेतले. तिथून त्याचं नाव झालं.

शेजारच्या माउंड सिटीत लोखंडी कवचाच्या गनबोटी बांधल्या गेल्या. त्यातल्याच एकीचं नाव केरो. ती डिसेंबर १८६२ मध्ये यॅझू नदीत सुरुंगाने बुडाली, १९६४ ला गाळातून वर काढली आणि आज मिसिसिपी राज्यात व्हिक्सबर्गला ठेवलेली आहे. माउंड सिटीलाच सैनिकांची राष्ट्रीय दफनभूमी आहे, तिकडे गेलात तर तिथे नक्की थांबा.

इथे कृष्णवर्णीय लोक इतके कसे काय?

याच युद्धामुळे. दक्षिणेतून सुटून आलेली गुलाम माणसं, बायका, मुलं नदीने वर यायची आणि त्यांना उत्तरेची पहिली जमीन लागायची ती केरोची. सैन्याने त्यांच्यासाठी छावणी काढली. बरेच लोक तिथून पुढे गेले, बरेच राहिले. बोटींवर, धक्क्यावर, लाकडाच्या गिरण्यांत, रेल्वेत कामं मिळत होती. १९०० पर्यंत शहरातली एक तृतीयांशापेक्षा जास्त वस्ती कृष्णवर्णीय होती, त्या काळात उत्तरेतल्या शहराच्या मानाने हे प्रमाण फारच मोठं. स्वतःची चर्चेस, शाळा, धंदे, मतदानात वजन, सगळं होतं. आज प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास आहे.

शहर ऐन भरात होतं तेव्हा कसं होतं?

१८७२ ची कस्टम हाउसची दगडी इमारत आजही उभी आहे, ती बघितली की कळतं. आत पोस्ट, कोर्ट आणि बंदराचा जकात कारभार, समुद्रापासून इतक्या आत असलेल्या गावात. बोटीवाल्यांचे, व्यापाऱ्यांचे बंगले झाले. रिव्हरलोर हा कॅप्टन हॅलिडेचा बंगला १८६५ चा. मॅग्नोलिया मॅनर हा गॅलिगर नावाच्या पिठाच्या व्यापाऱ्याचा १४ खोल्यांचा वाडा, १८८० मध्ये ग्रँट जगप्रवास करून परतला तेव्हा त्याचा पाहुणचार इथेच झाला. १८८४ ला सॅफर्ड लायब्ररी झाली, १९१० ला जेम थिएटर. कमर्शियल ॲव्हेन्यूवर दुकानांची रांग, नदीकाठी गोदामं, रेल्वेचे डबे बोटीवर चढवून पलीकडे नेणाऱ्या फेरी. पैसा बराचसा याच चढउतारावर होता, म्हणजे माल एका वाहनातून दुसऱ्यात टाकण्यावर, आणि हाच त्याचा कच्चा दुवा निघाला.

मग पडझड कशी सुरू झाली? पुलांमुळे का?

सुरुवात पुलांमुळे, हो. १८८९ ला इलिनॉय सेंट्रलने ओहायोवर भलामोठा पूल बांधला, शहरात जल्लोष झाला, पण गाडीला आता केरोत थांबायची गरज उरली नाही. १९०५ ला थीब्जजवळ मिसिसिपीवर रेल्वेचा आणखी एक पूल झाला, आणखी वाहतूक वळली. नंतर मोटारी आल्या, १९२९ ला मिसिसिपीवर आणि १९३० च्या दशकात ओहायोवर रस्त्याचे पूल झाले, फेरी संपल्या. तरी हायवेची गाडी निदान शहरातून जायची, लोक जेवायला थांबायचे, मोटेलमध्ये राहायचे. १९७८ ला इंटरस्टेट ५७ या नव्या महामार्गाचा पूल शहराच्या बाहेरून गेला आणि तेही गेलं.

पण एवढंच कारण सांगून जे थांबतात त्यांच्याशी मी सहमत नाही. बोटी आणि रेल्वेवर जगणारी नदीकाठची बाकीची शहरंही होती ना, पडूका आहे, केप जिरार्डो आहे, त्यांनाही हाच फटका बसला, ती बदलली आणि टिकली. आकडेच बघा, पूल होऊन तीस वर्षं झाल्यावर केरोचं शिखर आलं, आणि १९४० पर्यंत शहर १४ हजारांवर होतं. मोठी गळती त्यानंतरची आहे.

१९०९ मध्ये काय झालं होतं?

लिहायला जड जातं, पण हे वगळून केरोचा इतिहास सांगता येत नाही. नोव्हेंबर १९०९ मध्ये एका गोऱ्या तरुणीचा खून झाला आणि विल्यम जेम्स या कृष्णवर्णीय माणसावर आळ आला. शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, त्याला घेऊन शहराबाहेर गेला पण जमावाने गाठलं, ११ नोव्हेंबरला त्याला परत आणलं आणि कमर्शियल ॲव्हेन्यू आणि आठव्या रस्त्याच्या चौकात, दिव्यांच्या झगमगत्या कमानीखाली, हजारो लोकांसमोर मारलं. खटला नाही, पुरावा नाही. त्याच रात्री जमावाने तुरुंगातून हेन्री सॅल्झनर नावाच्या एका गोऱ्या कैद्यालाही ओढून काढून मारलं. जेम्सला मारल्याचे फोटो काढून पोस्टकार्डं विकली गेली.

राज्यात १९०५ चा कायदा होता की कैदी जमावाच्या हाती लागला तर शेरीफचं पद जातं. शेरीफ फ्रँक डेव्हिसचं गेलं, त्याने परत मागितलं, आणि शहरातली बरीच बडी माणसं त्याच्या बाजूने उभी राहिली. तेव्हा जमावाच्या अशा हत्यांविरुद्ध लढणाऱ्या कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स शिकागोहून एकट्या केरोला आल्या, लोकांना भेटल्या, माहिती गोळा केली, सभा घेतली आणि मग गव्हर्नर डेनीनसमोर जाऊन वकिलांच्या फौजेपुढे बाजू मांडली. गव्हर्नरने शेरीफला पद परत दिलं नाही. एका बाईने, कुठलंही पद नसताना, हे करून दाखवलं, आणि केरोची गोष्ट सांगताना बोटी आणि ग्रँट सांगतात तितक्याच ठळकपणे हे सांगितलं पाहिजे.

शहर पुरात बुडालं का कधी?

भिंती झाल्यापासून, मोठमोठ्या पुरांतही, शहर वाचलंय. पण त्यासाठी काय करावं लागलं ते ऐका.

चारी बाजूंनी बांध आणि पूरभिंती आहेत, शहर वाटीच्या तळाशी असल्यासारखं आहे. उत्तरेकडून एकच रस्ता रेल्वेच्या भरावाखालून आत येतो, तिथे वर लटकवलेलं अजस्र पोलादी दार आहे, वेळ आली की ते खाली सोडायचं आणि शहर बंद. १९२७ च्या महापुरानंतर १९२८ च्या कायद्याने समोरच्या मिझुरीत बर्ड्स पॉइंटपासून न्यू मॅड्रिडपर्यंत एक पट्टा आखून ठेवला, की पाणी फारच चढलं तर तिथला बांध फोडून पाणी शेतात सोडायचं आणि केरो आणि खालची गावं वाचवायची. १९३७ ला तसं केलं. तेव्हा केरोच्या गेजवर पाणी ५९.५ फुटांपर्यंत गेलं होतं.

मग २०११. एप्रिलभर पाऊस, दोन्ही नद्या एकदम चढल्या, १ मे ला शहर रिकामं करायचा हुकूम निघाला. २ मे ला पाणी ६१.७२ फुटांवर, आजवरचा उच्चांक, आणि भिंत ६४ फुटांसाठी बांधलेली. आत जमिनीतून पाणी वाळूसकट उकळल्यासारखं वर यायला लागलं होतं, बांध खालून पोखरला जातोय याची ती खूण. मिझुरी राज्य बांध फोडणं थांबवायला थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, कोर्टाने हात घातला नाही, आणि त्या रात्री आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सने सुरुंग लावून बांध उडवला. सुमारे १ लाख ३० हजार एकर शेती पाण्याखाली गेली. केरोचं पाणी उतरलं.

तेव्हा मिझुरीतल्या एका बड्या नेत्याला विचारलं की केरो वाचवायचं की शेती, तर तो शेती म्हणाला आणि वर केरोबद्दल नको ते बोलला, नंतर त्याला माफी मागावी लागली. आणि त्या पट्ट्यात पिनहुक नावाचं कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचं छोटं गाव होतं ते मात्र कायमचं गेलं, केरो वाचलं याचा आनंद मानताना तेही आठवलं पाहिजे, त्यांना दुसरीकडे नीट जमीन मिळालीच नव्हती म्हणून ते लोक तिथे वसले होते.

१९६० च्या दशकात एवढे लोक का गेले?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न.

१९६२ मध्ये केरोतली तरुण पोरं उभी राहिली. हॉटेलात जेवायला बसू देत नव्हते, स्केटिंगच्या हॉलमध्ये घेत नव्हते, स्विमिंग पूल फक्त गोऱ्यांसाठी. मदतीला विद्यार्थी चळवळीतले लोक आले, त्यात जॉन लुईस होते, पुढे अनेक वर्षं खासदार राहिले तेच. स्विमिंग पूलासमोर गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या लोकांचा त्या वेळचा फोटो पुढे देशभर पोस्टरवर गेला. शेवटी सगळ्यांना प्रवेश द्यायची वेळ आली तेव्हा चालवणाऱ्यांनी १९६३ ला स्विमिंग पूल बंदच केला आणि नंतर तो बुजवून टाकला. म्हणजे कृष्णवर्णीय मुलं पोहण्यापेक्षा कोणीच पोहू नये. केरोची पुढची दहा वर्षं थोडक्यात सांगायची तर असंच एकेक करत सगळं बंद करत गेले.

जुलै १९६७ मध्ये रॉबर्ट हंट हा १९ वर्षांचा कृष्णवर्णीय सैनिक, सुट्टीवर घरी आलेला, पोलीस ठाण्याच्या कोठडीत लटकलेला सापडला. पोलीस म्हणाले आत्महत्या, त्याच्या समाजात कोणी विश्वास ठेवला नाही. शहर पेटलं, नॅशनल गार्ड आलं. गोऱ्या लोकांनी स्वतःची हत्यारबंद टोळी काढली, शेकडो माणसांची, पांढऱ्या टोप्यांवरून त्यांना व्हाइट हॅट्सच म्हणायचे. पिरॅमिड कोर्ट्स ही कृष्णवर्णीयांची सरकारी वसाहत बांधाला लागून होती, आणि रात्री बांधावरून त्या घरांवर गोळ्या झाडल्या जायच्या, आया मुलांना घेऊन जमिनीवर झोपायच्या, बाथटबमध्ये झोपवायच्या. हे युद्धक्षेत्रातलं वर्णन नाहीये, इलिनॉय राज्यातलं आहे, माणूस चंद्रावर उतरला त्याच काळातलं.

१९६९ ला राज्याच्या दबावाने ती टोळी बरखास्त झाली. त्याच वर्षी रेव्हरंड चार्ल्स कोएन यांच्या पुढाकाराने युनायटेड फ्रंट उभी राहिली आणि गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार सुरू झाला. मागणी साधी होती, आम्ही तुमच्याकडे खरेदी करतो तर आम्हाला नोकऱ्याही द्या. बहिष्कार वर्षानुवर्षं चालला. आणि दुकानदारांनी काय केलं, एकामागून एक दुकानं बंद केली, काहींनी तर गावच सोडलं, पण काउंटरवर कृष्णवर्णीय माणूस ठेवला नाही. मार्च १९७२ ला नागरी हक्क आयोगाने केरोत येऊन सुनावणी घेतली, साक्षी झाल्या, अहवाल झाला. तोपर्यंत कमर्शियल ॲव्हेन्यू रिकामा व्हायला लागला होता.

काही लोक आजही म्हणतात की बहिष्काराने शहर मारलं. मला हे अजिबात पटत नाही. गिऱ्हाईक समोर उभं होतं, पैसे हातात घेऊन, फक्त माणूस म्हणून वागवा म्हणत होतं. शटर ओढलं ते दुकानदाराने.

२०१० नंतर पुन्हा इतकी घट का झाली?

घरं. सरकारी वसाहती. १९४० च्या दशकात दोन वसाहती बांधल्या होत्या, एलमवुड गोऱ्यांसाठी आणि पिरॅमिड कोर्ट्स कृष्णवर्णीयांसाठी, दुसरीचं नाव पुढे मॅकब्राइड झालं. पुढे दोन्हीकडे बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबंच राहायला लागली. वर्षानुवर्षं दुरुस्ती नाही, उंदीर, बुरशी, थंडीत हीटिंग नाही म्हणून लोक ओव्हन उघडा ठेवून घर गरम करायचे. फेब्रुवारी २०१६ मध्ये वॉशिंग्टनच्या गृहनिर्माण खात्याने स्थानिक हाउसिंग ऑथॉरिटीचा कारभार आपल्या हातात घेतला. लोकांना वाटलं आता दुरुस्ती होईल. एप्रिल २०१७ मध्ये उलट सांगितलं गेलं की दोन्ही वसाहती पाडणार, नवीन बांधणार नाही, भाड्याचं व्हाउचर घ्या आणि घर शोधा.

साधारण १८५ कुटुंबं, जवळपास ४०० माणसं, त्यात निम्मी मुलं. आणि केरोत भाड्याने राहण्याजोगी घरं होतीच कुठे, म्हणून व्हाउचर घेऊन लोक केप जिरार्डोला, पडूकाला, कार्बनडेलला गेले. शाळेचे वर्ग रिकामे झाले. वसाहती राहण्याजोग्या नव्हत्या हे खरंच, पण त्या तशा होऊ दिल्या आणि मग त्याच कारणाने लोकांना हलवलं, हे आठवलं की आजही संताप येतो.

मग केरोला घोस्ट टाउन म्हणणं बरोबर आहे का?

नाही. कृपया म्हणू नका. यूट्यूबवर ड्रोनने पडक्या इमारती दाखवणारे व्हिडिओ भरपूर आहेत, त्यातले बरेच कमर्शियल ॲव्हेन्यूच्या दोन-तीन ब्लॉकच्या पुढे जात नाहीत. १,७३३ लोक राहतात तिथे. शाळा आहे, लायब्ररी चालू आहे, काउंटीचं कोर्ट आहे, चर्चेस भरतात, नदीवर धान्य आणि सोयाबीनचं काम चालतं. ज्यांच्या घरासमोर कोणी येऊन कॅमेरा लावतो आणि इथे कोणी राहत नाही असं म्हणतो, त्यांना कसं वाटत असेल.

रोजचं जगणं कसं आहे? दुकान, दवाखाना?

अवघड आहे. हॉस्पिटल १९८६ ला बंद झालं. किराणा मालाचं मोठं दुकान २०१५ ला बंद झालं, नंतर भाजीपाल्यासाठी लोकांना नदी ओलांडून दुसऱ्या राज्यात जावं लागायचं, गाडी नसेल तर तेही नाही. २०२३ मध्ये लोकांनी मिळून सहकारी तत्त्वावर राइझ कम्युनिटी मार्केट उघडलं, राज्यानेही मदत केली. एवढ्या कमी गिऱ्हाइकांवर असं दुकान चालवणं सोपं नसतं, घाऊक माल महाग पडतो, फ्रीजचं एक मशीन बिघडलं तरी हिशोब कोलमडतो, पण सहकाराची ताकद आणि त्याच्या अडचणी महाराष्ट्रातल्या माणसाला वेगळ्या समजावून सांगायला नकोत.

लोकसंख्या पुन्हा वाढेल का?

आशा नदीच्या बंदरावर आहे. दोन नद्यांच्या संगमावर आधुनिक बंदर करायची योजना आहे, २०२० मध्ये राज्याने त्यासाठी ४ कोटी डॉलर जाहीर केले. भौगोलिक जागा तर १८१८ ला होती तितकीच चांगली आजही आहे, तिच्यात काही खोट नाही. पण बंदर झालं आणि कामगार रोज पडूकाहून गाडीने येऊन परत गेले तर केरोच्या आकड्यात काही फरक पडणार नाही. आधी घरं हवीत. घर, दुकान, दवाखाना असेल तर गेलेल्यातले काही परत येतील, केरोहून गेलेली माणसं गावाशी नातं तोडत नाहीत.

बघायला जायचं असेल तर काय बघावं?

शिकागोहून मेम्फिसकडे गाडीने जाणारे मराठी लोक असतात, इंटरस्टेट ५७ वरून केरोच्या बाजूने निघून जातात, त्यांनी एक तास काढावा. दक्षिण टोकाला फोर्ट डिफायन्स पार्क आहे, तिथे दोन्ही नद्या मिळताना दिसतात, पाण्याचे दोन रंग काही अंतर वेगळे वाहतात. पूर असेल तर पार्क बंद असतो, आधी चौकशी करा. कस्टम हाउसमध्ये म्युझियम आहे. मॅग्नोलिया मॅनर बघण्यासारखं. सॅफर्ड लायब्ररीत आत जा, नुसती बाहेरून बघू नका. हॅलिडे पार्कमध्ये जॉर्ज ग्रे बार्नार्डचा ब्राँझचा लाकूडतोड्या आहे, इतक्या छोट्या गावात इतकं दर्जेदार शिल्प क्वचित सापडतं. आणि पाणी, खाणं, जे काही घ्यायचं ते शक्य असेल तर गावातच घ्या.

अमेरिकेत अजून एक केरो आहे ना?

आहेत बरेच. जॉर्जियातलं केरो याच्यापेक्षा कितीतरी मोठं आहे, बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सनचा १९१९ मधला जन्म तिथलाच, इलिनॉयच्या केरोचा नाही. न्यूयॉर्क आणि नेब्रास्कातही त्याच नावाची गावं आहेत. जीपीएसमध्ये टाकताना राज्याचं नाव टाका.